घर-जमिनीच्या कागदांवरचे शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली अठरा वर्षं पुणे जिल्ह्यात दस्तलेखनाचं काम करते. खरेदीखत, हक्कसोडपत्र, भाडेकरार असे कागद तयार करायचे, पक्षकारांना वाचून दाखवायचे आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी होईपर्यंत सोबत राहायचं, हे माझं रोजचं काम. माणसं किमतीवर तास-तास घासाघीस करतात, पण ज्या शब्दावर सगळा व्यवहार उभा आहे त्याचा अर्थ विचारायला संकोचतात. आपण अडाणी ठरू असं वाटत असावं. तसं वाटून घेऊ नका. यातले बरेच शब्द तलाठ्याकडे एका अर्थाने, वकिलाकडे दुसऱ्या आणि बांधकामाच्या जागेवर तिसऱ्याच अर्थाने वापरले जातात, त्यामुळे गोंधळ होणारच. मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणजे जमीन माझीच ना?

बहुतेक वेळा हो, पण सातबारा आहे म्हणून नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही, हे दोन एकाच कागदावर आले म्हणून त्याचं नाव सातबारा. जमीन कोणाकडे आहे, तिचा आकार, म्हणजे शेतसारा, किती आणि तिच्यात काय पिकतं हे सरकारला कळावं यासाठी तो ठेवला जातो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मालकी येते खरेदीखताने, वारशाने, वाटपाने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. सातबारा तिची नोंद घेतो, तिला जन्म देत नाही. म्हणून फक्त सातबारा बघून विसार देऊ नका. नाव सातबाऱ्यावर ज्या कागदामुळे लागलं, तो कागद मागा.

मग सातबाऱ्यावर नक्की काय वाचायचं?

लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि उतारा घडी करून ठेवतात. त्यापेक्षा सावकाश बसून चार ठिकाणी बोट ठेवा.

पहिलं ठिकाण भोगवटादार वर्ग. वर्ग १ म्हणजे विक्रीला सहसा आडकाठी नसलेली जमीन. वर्ग २ म्हणजे शर्तीची जमीन, जी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. वतनाच्या, सरकारने वाटप केलेल्या किंवा पुनर्वसनात दिलेल्या जमिनी बहुधा यात येतात. 'नवीन शर्त' असा जुना शेरा दिसला तरी थांबा. परवानगी मिळते, पण तिच्यासाठी नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो आणि तो कोणी भरायचा हे व्यवहार ठरतानाच लिहून घ्यावं लागतं.

दुसरं, इतर अधिकार. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, न्यायालयातला दावा हे सगळं या रकान्यात सापडतं. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा कमी करून घ्यायचं राहून गेलेलं असतं, हे मी दर महिन्याला बघते. बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी केल्याचा फेरफार करून घ्यावा लागतो.

तिसरं, पोटखराब. लागवडीयोग्य नसलेलं क्षेत्र यात दाखवतात. पोटखराब 'अ' म्हणजे खडकाळ, चढ-उताराचं किंवा विहीर-खळ्याखालचं. पोटखराब 'ब' म्हणजे रस्ता, नाला यांसारख्या सार्वजनिक वापराखालचं. विकणारा एकूण क्षेत्राचा भाव सांगतो, तेव्हा त्यातलं 'ब' किती ते विचारून घ्या.

चौथं, वर्तुळातले फेरफार क्रमांक आणि नावांआधीची अक्षरं. यांचा पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. नुसता बघण्यासाठी विनामूल्य दिसणारा उतारा मात्र माहितीपुरता असतो.

फेरफार म्हणजे काय? आणि 'फेरफार मंजूर झाला' म्हणजे मालकी पक्की झाली का?

जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची नोंद आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. या नोंदीने मालकी मिळत नाही, ती महसुली कामापुरती असते, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केलं आहे.

तरीही जुने फेरफार नेटाने काढून वाचा. सातबारा आजचं चित्र दाखवतो. नाव कसं आलं, कोणाचं गेलं आणि कोणाचं लागायचं राहिलं, हे फेरफारातच कळतं. एका व्यवहारात आम्हाला १९५० च्या दशकातला एक वारस फेरफार मिळाला. त्यात तीन भावांची नावं होती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की दोन बहिणी लग्न होऊन सासरी नांदतात, म्हणून त्यांची नावं लावली नाहीत. त्या एका ओळीमुळे खरेदीदाराला बहिणींच्या नातवंडांपर्यंत जावं लागलं.

'अ.पा.क.' आणि 'ए.कु.मॅ.' ही अक्षरं कसली?

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. खातेदार वयाने लहान असून पालक त्याच्या वतीने बघतो आहे, असा त्याचा अर्थ. अज्ञान व्यक्तीची मिळकत पालकाला मनाने विकता येत नाही, बहुतेक वेळा न्यायालयाची परवानगी लागते. मूल सज्ञान झाल्यावरही हा शेरा तसाच राहिलेला असतो, तेव्हा आधी तो कमी करून घ्यावा.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं दिसतं, पण जमीन सगळ्या कुटुंबाची असते. पूर्वी घरातल्या थोरल्याच्या नावावर सातबारा ठेवायची पद्धत होती. 'सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे, सही मी एकटाच करतो' असं कोणी म्हणालं आणि नावाआधी ही अक्षरं दिसली, तर बाकीचे सहहिस्सेदार शोधा. सगळ्यांची संमती नसलेलं खरेदीखत पुढे कोर्टात सापडतं.

मुलींचा हक्क नक्की कधीपासून आहे?

हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी सहदायाद, म्हणजे वाटेकरी, आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, देशभर ती २००५ मध्ये आली. त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती मात्र उलटत नाही.

हा प्रश्न मला जवळचा वाटतो. हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणीला मी नेहमी वेगळं बसवून विचारते, 'ताई, हे काय आहे ते माहिती आहे ना?' निम्म्या वेळा उत्तर येतं, 'दादा म्हणाला वारसनोंदीची सही आहे.' वारसनोंद आणि हक्कसोडपत्र या दोन टोकाच्या गोष्टी आहेत. वारसनोंदीने नाव लागतं. हक्कसोडपत्राने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराला कायमचा जातो. भावावरच्या मायेने हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडावा, तो तिचा अधिकार आहे. पण काय सोडतो आहोत ते तिला कळलं पाहिजे. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावं लागतं, तलाठ्यापुढे दिलेला साधा जबाब त्याची जागा घेऊ शकत नाही.

विसार पावती, साठेखत आणि खरेदीखत यांत फरक काय?

विसार पावती म्हणजे व्यवहार ठरल्याची आणि त्यापोटी काही रक्कम दिल्याची पावती. साठेखत म्हणजे पुढे अमुक अटींवर खरेदीखत करून देण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ मध्येच म्हटलं आहे की विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते खरेदीखताने. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत नोंदवलंच पाहिजे आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीसाठी हजर करावं लागतं.

माझ्या मामांनी १९९४ मध्ये एक छोटा प्लॉट घेतला. सगळी रक्कम दिली, ताबा घेतला, घर बांधलं, दरवर्षी घरपट्टी भरली. मामींनी ट्रंकेच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा ते निघालं साठेखत. विकणारे गृहस्थ तोवर वारले होते. त्यांचे पाच वारस, त्यातली एक मुलगी इंदूरला. त्या सगळ्यांच्या सह्या मिळवून खरेदीखत पुरं करायला चार वर्षं गेली. मामा शेवटच्या दिवशी कार्यालयाच्या बाकावर बसून फक्त एवढंच म्हणाले, 'मला वाटायचं साठेखत म्हणजेच खत.' हे वाक्य मी विसरलेले नाही.

फ्लॅटच्या बाबतीत बिल्डरबरोबर जो नोंदणीकृत 'करारनामा' होतो तो विक्रीचा करार असतो. त्याचं मुद्रांक शुल्क पूर्ण भरलेलं असतं. इमारत आणि जमीन यांचं हस्तांतरण मात्र पुढे सोसायटीच्या नावे व्हायचं असतं. त्याविषयी खाली लिहिलं आहे.

कुलमुखत्यारपत्रावर फ्लॅट घेतला तर चालेल का?

मुखत्यार म्हणजे मालकाच्या वतीने काम करणारा. मुखत्यारपत्राने तो मालक होत नाही. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून 'विक्री' करायची रीत फार फोफावली होती. असल्या संचाने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात सांगितलं.

खरोखर गरज असते तिथे मुखत्यारपत्र उपयोगी पडतं. मुलगा अमेरिकेत, आई कोथरूडमध्ये आणि घर विकायचं आहे, असे व्यवहार आमच्याकडे सतत येतात. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा अपोस्टिल करून आणावं लागतं आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची मुदत लोकांना ठाऊक नसते. शिवाय मुखत्यारपत्र देणारा हयात आहे का, याची खात्री दस्ताच्या दिवशी करावी लागते, कारण तो वारला की मुखत्यारपत्र सहसा संपतं.

गुंठा, आर, एकर यांचा हिशेब एकदाच सांगा.

१ गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आरांचा हेक्टर आणि हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे आहेत, गुंठा किंचित मोठा, १०१.१७ चौरस मीटर. गुंठ्याचे १६ आणे. 'आणेवारी' शब्दाचे मात्र दोन अर्थ आहेत. जमिनीच्या कागदांत ती हिश्शाची असते, दुष्काळाच्या बातमीत पिकाची.

एक-दोन गुंठे शेतजमीन घेता येईल का?

सरसकट नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्याखालचं प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं कमी केलं गेलं. शहरी आणि नियोजन क्षेत्रांसाठी वेगळ्या सवलती आहेत, तेव्हा तुमचा गट कुठे मोडतो ते आधी पाहा. याखेरीज कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो' असं कोणी म्हणालं, तर पैसे खिशातच ठेवा. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, जमीन देत नाही.

मोजणीत क्षेत्र कमी भरलं. आता काय?

सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नाही, हे नेहमीचंच. खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दकायम मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, घ्या. तिच्यावर गटाच्या हद्दी आणि जागेवरची वहिवाट अशा दोन्ही रेषा असतात. त्या एकमेकींवर बसत नसतील तर अतिक्रमण कुठे आहे ते तिथेच दिसतं.

खूप जुना घोळ असेल तर मूळ टिपण, गुणाकार बुक, फाळणी बारा, आकारफोड आणि कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक, अशा मोजणीच्या जुन्या कागदांच्या नकला काढाव्या लागतात. सातबाऱ्यावर फक्त लिहिण्यातली चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मालकीचा वाद मात्र या मार्गाने सुटत नाही.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड लागतं. अनेक गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि पुढे २०२० मध्ये स्वामित्व योजना देशभर आली. आजीच्या घराचं पहिलं प्रॉपर्टी कार्ड हातात घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. चार पिढ्या राहून कागद नसणं काय असतं ते त्यांच्याकडून ऐकावं.

कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. मी पैसे कशाचे देतो आहे?

कायद्याच्या नजरेत कार्पेटचे. स्थावर संपदा कायदा, २०१६, ज्याला सगळे रेरा म्हणतात, त्यात चटई क्षेत्राची व्याख्याच दिली आहे. घरातलं निव्वळ वापरायचं क्षेत्र आणि घराच्या आतल्या खोल्यांमधल्या भिंती यात मोजतात. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्ट, तुमची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची यात धरत नाहीत. सुपर बिल्ट-अप हा विक्रीच्या टेबलावरचा शब्द आहे. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा त्यात कसाही मिसळतात आणि प्रत्येकाचं माप वेगळं निघतं.

एक सोपा उपाय आहे. ताबा घेताना टेप घेऊन जा. दिवाणखाना १० फूट गुणिले १५ फूट, म्हणजे १५० चौरस फूट, अशी एकेक खोली मोजा, आतल्या भिंतींची जाडी मिळवा आणि करारनाम्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. गिलाव्यामुळे थोडाफार फरक पडेल. चाळीस-पन्नास फुटांचा फरक गिलाव्याने पडत नाही.

चटई क्षेत्र निर्देशांक हा शब्द ऐकायला सारखा, पण वेगळा आहे. भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याचं ते प्रमाण. १,००० चौरस मीटरचा भूखंड आणि निर्देशांक १.१ असेल, तर मूळ परवानगी १,१०० चौरस मीटरची. त्यावर अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन वाढीव बांधकाम करतात.

'सीसी आहे' असं बिल्डर म्हणतो. पुरेसं आहे का?

कोणती सीसी? हाच प्रश्न त्याला परत विचारा. बांधकाम सुरू करायच्या परवानगीलाही सीसी म्हणतात आणि बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यालाही. मराठी नावं घेतली की घोळ उरत नाही. पहिला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, दुसरा पूर्णत्वाचा दाखला. राहायला जाण्यासाठी लागतं ते तिसरंच, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका, हे मी दहा वेळा सांगेन. ते नसेल तर पाणीजोडणी, कर आणि पुढे पुनर्विक्री, सगळीकडे अडचणी येतात. मुंबईतल्या समृद्धी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ओसी मिळवून न देणं ही सेवेतली त्रुटी ठरवली. तिथल्या रहिवाशांना ओसीअभावी वर्षानुवर्षं जादा दराने कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती.

रेराचे तीन आकडे लक्षात ठेवा. नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेतले ७० टक्के प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताब्यापासून ५ वर्षांत संरचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला, तर तो कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीला ओल आली की आधी लेखी कळवा. फोनवर बोललेलं पुढे दाखवता येत नाही.

मानीव अभिहस्तांतरण? हा शब्दच कळत नाही.

शब्द जड आहे खरा. अभिहस्तांतरण म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, ज्याला सगळे कन्व्हेयन्स म्हणतात. 'मानीव' म्हणजे झालं असं मानलेलं.

फ्लॅट घेतला, सोसायटी झाली, वीस वर्षं झाली, पण जमिनीच्या उताऱ्यावर अजून मूळ मालकाचं किंवा बिल्डरचंच नाव आहे, अशा सोसायट्या आजही कितीतरी आहेत. महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा, १९६३ प्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून द्यायचं असतं. ते करून दिलं नाही, तर २००८ च्या दुरुस्तीमुळे सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकते. दोन्ही बाजू ऐकून ते एकतर्फी अभिहस्तांतरणाचा आदेश देतात आणि मग बिल्डरच्या सहीवाचून दस्त नोंदला जातो.

लोक याचा कंटाळा करतात, कारण रोजच्या जगण्यात काही अडत नाही. अडतं ते इमारत पाडून पुन्हा बांधायची वेळ आली की. वाढीव निर्देशांकाचा फायदा जमीन ज्याच्या नावावर त्याला, आणि जमीन सोसायटीची नाही! सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं आणि हा विषय 'इतर विषय' म्हणून शेवटी पाच मिनिटांत उरकतो. पुढच्या सभेत तो पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावा.

स्टिल्ट पार्किंगचे वेगळे पैसे मागतात. द्यावे का?

इमारतीखालची उघडी, खांबांमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद खटल्यात ठरवलं. चारही बाजूंनी बंद गॅरेजची गोष्ट वेगळी. पार्किंगचं वाटप करारनाम्यात कसं लिहिलं आहे ते पाहा.

सोसायटीत नॉमिनी मी आहे. वडिलांचा फ्लॅट माझाच ना?

नाही. नामनिर्देशित व्यक्तीकडे फ्लॅट वारसांच्या वतीने असतो. सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यात हे आणखी स्पष्ट झालं. वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सदस्य असतो. खरा हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो.

अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवायची गरज नसते, हे खरं का?

महाराष्ट्रात नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंद नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात.

आमचं मूळ घर गोव्यात आहे. तिथेही हेच नियम?

नाही, तिथली भाषाच वेगळी आहे. सातबाऱ्याच्या जागी 'एक-चौदाचा' उतारा असतो. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या समान नागरी कायद्यामुळे, वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. म्हणून विकताना दोघांच्या सह्या लागतात, घर एकाच्या नावावर असलं तरी. वारसांमधली वाटणी 'इन्व्हेंटरी' प्रक्रियेने होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे. जागेत मुंडकाराचं घर असेल तर ते रिकामं करून मिळेल या भरवशावर व्यवहार करू नका. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या गोवेकर कुटुंबांनी इथल्या वकिलाकडून तिथला दस्त करवून घेऊ नये, एवढं मी कळकळीने सांगते.

घर बांधायला काढलंय. ठेकेदाराचे शब्द कसे समजायचे?

पहिला शब्द ब्रास. वाळू, खडी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशी किंवा गिलाव्याचा ब्रास मात्र १०० चौरस फूट. दर ठरवताना कोणता ब्रास ते लिहून घ्या. गाडीतली वाळू ब्रासने घेत असाल तर हौद्याची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजा, गुणाकाराला शंभराने भागा. उंची मोजताना मधला ढीग धरू नका, वाळू सपाट करून मोजा.

जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा भाग. शहरांत जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी होते आणि पुढचं बांधकाम त्यानंतर.

एम २० काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सहन करणारं. आकडा सिमेंटच्या पोत्यांचा नाही. कव्हर म्हणजे सळईच्या बाहेरचं काँक्रीट, नेहमीच्या घराच्या स्लॅबला किमान २० मिलिमीटर आणि कॉलमला ४०. स्लॅब भरायच्या सकाळी स्वतः वर चढा आणि सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का ते वाकून पाहा. जाळी थेट फळ्यांवर टेकलेली दिसली तर काम थांबवा. पाच-सात वर्षांनी स्लॅबच्या पोटातून गंजलेल्या सळया उघड्या पडतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

स्लॅबवर पाणी किती दिवस मारायचं, आणि टेकू कधी काढायचे?

भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस. आज दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट मिसळलेलंच असतं, म्हणून १० दिवसच धरा. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून भाताच्या खाचरांसारखे वाफे करा आणि त्यांत दोन-तीन बोटं पाणी सतत उभं ठेवा. मे महिन्यात दुपारी एकदा वर जाऊन बघा, वाफे कोरडे पडलेले असतात.

साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांआधी. तुळईखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस ठेवावेत. हवा थंड असेल तर आणखी थांबावं. ठेकेदाराला फळ्या आणि टेकू दुसऱ्या कामावर न्यायचे असतात, म्हणून तो घाई करतो. त्याचीही अडचण खरी असते, कारण सेंट्रिंगचं भाडं दिवसाप्रमाणे चढतं. म्हणून हे दिवस करारातच लिहा आणि त्या भाड्याची रक्कम आधीच दरात धरा, म्हणजे दहाव्या दिवशी वाद होणार नाही.